उजव्या कानाची तजवीज

ज्या सकाळी हा कागद लिहायचे मनात आले, त्या सकाळी मी उजव्या कानात मेण लावलेला कापूस घट्ट बसवला आणि दूध आणायला गेलो. डावा कान शाळेत असतानाच कामातून गेलेला आहे, त्यामुळे तेवढा वेळ मी ठार बहिरा होतो. बहिरेपणाची रंगीत तालीम करून पाहावी, एवढाच हेतू. बायकोला सांगितले नव्हते. रस्त्यात एक सायकलवाला अगदी अंगाला घासून गेला आणि मागे वळून काहीतरी बोलला. तो आशीर्वाद नव्हता, एवढे तोंडावरून कळले. घरी येऊन दूध तापत ठेवले. बायको माझ्याकडे पाठ करून ओट्याशी उभी होती. तिचा खांदा हलत होता, म्हणजे ती बोलत होती. मी अंदाजाने "हो" म्हणालो. खांदा पुन्हा हलला. मी "हो, हो" म्हणालो. तेव्हा ती वळली आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी घाईघाईने कापूस काढला.

"काय म्हणालीस?"

"काही नाही. दूध गेलं उतू."

त्याआधी ती काय म्हणाली होती, ते विचारायचा मला धीर झाला नाही. पुढचे कित्येक दिवस तेच डोक्यात घोळत राहिले.

आता रीतसर. मी, खाली सही करणारा, धंद्याने रेडिओ, टेप वगैरे यंत्रे दुरुस्त करणारा, वय पन्नाशीच्या उंबऱ्यावर, असे लिहून ठेवतो की माझी बुद्धी जागेवर आहे. आणि हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट लिहू नका असाच घरातून धोशा आहे, कारण बायकोला हा कागदच अभद्र वाटतो. नावे, पत्ते आणि जागेच्या चतुःसीमा वकिलांनी छापील प्रतीत घेतल्या आहेत, त्या इथे पुन्हा लिहीत नाही. "बाकीचं तुमच्या शब्दांत लिहा, पण थोडक्यात," असे ते म्हणाले. थोडक्यात जमेलसे वाटत नाही. त्यांनी रागावू नये.

मृत्युपत्राचे कारण असे. उजव्या कानाच्या आत, ऐकण्याच्या शिरेवर गाठ आहे. ती ठेवली तर वाढत जाऊन मेंदूला दाबेल आणि मी जाईन. काढली तर बहुतेक वाचेन, पण गाठीबरोबर शीर जाईल आणि उरलेला एक कान जाईल. टेबलावरच काही बरेवाईट झाले तर कानही जाईल आणि मीही. म्हणून हा कागद दोन्हींसाठी आहे.

"अहो, मृत्युपत्र माणसाचं असतं, कानाचं नसतं," वकील म्हणाले.

"वकीलसाहेब, कान आधी गेला, तर त्याच्याजवळचं कुणाला द्यायचं ते मग कोण सांगणार?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाले, "लिहा बाबा."

एक. राहते घर, त्यातील सर्व सामानासह, बायकोचे. मुलगी हरकत घेणार नाही, तिचा स्वभाव तसा नाही. न्हाणीघरातला नळ उलटा फिरतो, हे नवीन माणसाला आधी सांगावे, नाहीतर तो पिळून मोडील. गॅसचे बटण झोपण्यापूर्वी बघावे. मी उठून उठून बघतो, तेवढे नको. पण एकदा तरी बघावे.

दोन. बँकेत जे काही असेल ते बायकोचे. किती आहे हे तिला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक आहे.

तीन. दुकानातली हत्यारे तांत्रिक शाळेला द्यावीत. पेचकसांच्या मुठी माझ्या हाताच्या वळणाने झिजल्या आहेत. दुसऱ्याच्या हातात त्या सुरुवातीला चुकीच्या वाटतील. हत्यारात दोष नाही.

चार. गावच्या शाळेतले गुरुजी. शाळेमागे पाण्याचा पंप होता. तो सुरू झाला की आधी घरघरायचा आणि मग एका सुरात लागायचा. गुरुजी हजेरी घेत होते आणि मी तो सूर लागायची वाट पाहत होतो. माझे नाव कधी आले आणि गेले, मला कळले नाही. "लक्ष कुठंय तुझं?" म्हणून त्यांनी डाव्या कानशिलात ठेवून दिली. कानाचा पडदा फाटला. त्यांना ते कधी कळले नाही. घरीही कोणी विचारायला गेले नाही, कारण गुरुजींनी मारले म्हणजे आपलेच काहीतरी चुकले असणार, असा काळ होता. बऱ्याच वर्षांनी तेच गुरुजी, थकलेले, रेडिओ घेऊन माझ्या दुकानात आले. ओळखले नाही. मी रेडिओ चालू करून दाखवला, तर म्हणाले, "वाढव की जरा. तुम्हा पोरांना हळू लावायची खोडच असते." मी वाढवला. आणखी वाढवला. समोरच्या फुटपाथवरचे लोक वळून पाहू लागले, तेव्हा गुरुजींच्या चेहऱ्यावर समाधान आले. आता ते नाहीत. त्यांच्याशी माझे जे भांडण आहे ते मी कोणाला वारसाहक्काने देत नाही. मुलीने ते पुढे चालवू नये.

पाच. इंग्रज. याला वेळ लागेल.

चौकापलीकडे राहणाऱ्या, मुलांना पियानो शिकवणाऱ्या बाईंनी एकदा सीडीच्या तबकडीचे यंत्र दुरुस्तीला आणले. त्याचा कप्पा बाहेर येत नव्हता. तो सुटा केला, आत एक तबकडी राहिलेली होती, तीच तपासणीसाठी लावली. चालू झाली. पाचेक मिनिटांनी आवाज गेला. यंत्र उघडले, भिंग पुसले, पुन्हा लावले. त्याच जागी आवाज पुन्हा गेला. जोडण्यांना नव्याने कथलाचे डाग दिले. पुन्हा तेच. कप्पा दुरुस्त करता करता आपण दुसरेच काही बिघडवून बसलो, असे वाटले. बाई आल्या तेव्हा मी उभा राहूनच बोललो.

"बाई, बिघाड सापडत नाही. एका ठरावीक जागी आवाज जातो."

"लावा बघू."

लावले. आवाज गेला. मी त्यांच्याकडे पाहिले, तर त्या स्टुलावर बसून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"अहो, तो बिघाड नाही. तो थांबलाय."

"कोण?"

"ज्यानं केलंय तो. इंग्रज आहे."

"मग पुढे कधी सुरू होतो?"

"तुम्ही यंत्र उघडायचं थांबवलंत की."

आणि खरेच, इतक्या वेळात मी एकदाही पुढे वाट पाहिली नव्हती. आम्ही दोघे गप्प बसलो. शेजारच्या शिंप्याचे मशीन ऐकू येत होते, रस्ता ऐकू येत होता, आणि मग त्या सगळ्याखालून, कोणी चोरपावलांनी यावे तसा तो सूर परत आला.

त्या संगीतात काय आहे, हे मुलीसाठी लिहून ठेवतो, कारण तिने ते नेहमी "बाबांचं ते झोपेचं" म्हणून सोडून दिले. त्यात चाल नाही, ठेका नाही. चाल शोधायला जाऊ नये. मी पहिले काही आठवडे तेच करून डोके दुखवून घेतले. सुरुवातीला तंतुवाद्ये एकच सूर धरतात, इतका हळू, की तो केव्हा सुरू झाला ते सांगता येत नाही. मग एक व्हायोलिन उशिरा येते. प्रार्थनेला उशीर झालेला माणूस पुढे न जाता दाराशीच बसतो, तसे. बाकीची वाद्ये त्याच्याकडे वळून पाहत नाहीत, फक्त थोडी सरकून जागा करतात. तेवढ्यानेच सगळ्या सुराचा रंग बदलतो. मग सगळी थांबतात. हाक मारण्याआधी माणूस श्वास घेतो, तसे ते थांबणे आहे. आणि परत येतात तेव्हा तोच सूर असतो, पण आता त्याच्याखाली एका जाड आवाजाच्या वाद्याने खांदा दिलेला असतो. पहिल्यांदा ते जाणवले तेव्हा मी हातातला पेचकस खाली ठेवला.

मला वाटले होते, असे संगीत करणारे लोक फार पूर्वी होऊन गेले असतील. बाई म्हणाल्या, "छे हो, चांगला जिवंत आहे. तुमच्याच वयाचा असेल. अजून नवीन लिहितो." याचे मला फार नवल वाटले. मी इथे डाग देत असतो त्याच वेळी तो तिथे कुठेतरी बसून एखादा सूर लिहीत असेल आणि खोडत असेल. तेव्हापासून मी सकाळी देवापुढे हात जोडतो तेव्हा त्याचेही नाव घेतो. उच्चार चुकत असेल. देवाला कळत असेल. त्याची प्रकृती बरी असावी, अशी मला उगाच काळजी लागून राहते. तबकडीच्या वेष्टनावर त्याचा फोटो आहे. स्वेटरचे एक बटण चुकीच्या काजात गेले आहे. ते शिंप्याने बरोबर हेरले. "ज्याला बटण लावता येत नाही तो सूर काय लावणार, राव?"

देवापुढे बसलो की माझे मागणेच फार असायचे. अमुक होऊ दे, तमुक टळू दे. या माणसाच्या त्या थांबण्यानंतर मी कधीकधी नुसता बसू लागलो. बाई त्याला पत्र लिहून द्यायला तयार होत्या. मी नको म्हटले. त्याला कळवण्यासारखे काही नाही. आता या कागदात त्याच्यासाठी एवढेच लिहितो, की एक उजवा कान होता आणि तो त्याने पुरता वापरला.

आपले यंत्र परत नेताना ती तबकडी बाईंनी मला दिली होती, ती त्यांची त्यांना परत जावी. पण लगेच नको. सातवे कलम वाचावे.

सहा. त्या रचनेचे नाव काय, असे मी बाईंना विचारले होते. त्या वेळी बायको दुकानात डबा घेऊन आली होती. बाई अडखळत म्हणाल्या, "म्हणजे... किंचित उघडं दार. किंवा अर्धवट बंद."

"किंचित काय अन् अर्धवट काय," बायको म्हणाली. "लोटलेलं म्हणा की."

बाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगदी! हाच शब्द."

बायकोच्या दृष्टीने विषय तिथेच मिटला. संगीत तिला आवडत नाही. पण ती भली आहे, मध्येच बोलत नाही. आवाज थांबला की संपले असे समजून, त्या थांब्यात ती स्वयंपाकघरातून हाक मारते: "झालं का तुमच्या इंग्रजाचं? मग तो वरचा डबा काढून द्या." दर वेळी. मी दर वेळी म्हणतो, "संपलं नाही अजून." ती म्हणते, "अगं बाई, परत उठला का!" सुरुवातीला मला राग यायचा. एकदा बाईंच्या घरी, मोठ्या चांगल्या यंत्रावर तीच तबकडी ऐकली. थांबा आला. कोणी काही बोलले नाही. आणि मला वाटले, काहीतरी राहिले. घरी येईपर्यंत कळले नाही की राहिला तो डबा.

सात. मागच्या वर्षी त्या थांब्यात मला एक बारीक शिट्टी ऐकू येऊ लागली. यंत्रातच दोष असणार म्हणून उघडले. सगळ्या जोडण्या पाहिल्या, तारा बदलल्या. शिट्टी तशीच.

"तुला ऐकू येते का गं शिट्टी?"

"कसली शिट्टी? मला तर तुमचा इंग्रजही धड ऐकू येत नाही."

मग मी यंत्र बंद केले, भिंतीतून तार काढली आणि उभा राहिलो. शिट्टी चालूच होती. दुरुस्ती करणाऱ्याने आधी काय तपासावे हे मला माझ्या उस्तादांनी शिकवले होते: वीज, मग तार, मग यंत्र. ऐकणाऱ्याला तपासावे, असे कोणी शिकवत नाही. पहिल्या वेळी यंत्रही बरे होते आणि संगीतही. या वेळीही दोन्ही बरेच होते.

मी स्वतःसाठी जोडलेले, दुकानातून घरी आणि घरून दुकानात नेत असलेले यंत्र मुलीला. तिने एक गोष्ट जरूर करावी. मला एकच कान, म्हणून मी डावी आणि उजवी दोन्ही बाजू एकाच कर्ण्यात जोडून घेतल्या आहेत. बाई सांगत, ते उशिरा येणारे व्हायोलिन डावीकडून येते. मला ते कधी कोठून आलेले कळले नाही, आलेले तेवढे कळले. तिने ती जोडणी सोडवून दोन्ही बाजूंना वेगवेगळे कर्णे लावून घ्यावेत. तिला दोन कान आहेत. एकदा ऐकावे. आवडले नाही तर तबकडी बाईंना द्यावी. आवडले तरी द्यावी, दुसरी मिळते.

आठ. शस्त्रक्रियेचे संमतीपत्र सही न करता माझ्या खिशात आहे, हे घरात सगळ्यांना ठाऊक होते. सदरा बदलला की ते मी या खिशातून त्या खिशात घालत असे. डॉक्टर म्हणाले होते, उशीर करू नका. मी आज-उद्या करत राहिलो. जाताना तरी ऐकत जावे, असेही मनात येई, आणि मग त्याची लाज वाटे. मुलगी फोनवर पहिल्यांदा समजावून बोलली, दुसऱ्यांदा रडली, तिसऱ्यांदा चिडली.

"बाबा, तुम्हाला ते गाणं हवंय की आम्ही?"

"तुमचे आवाज पण त्याच कानात आहेत गं."

मला वाटले, फोन कापला गेला.

"तुम्हाला ऐकू आलं नाही तर मी लिहून बोलेन," ती म्हणाली. "तुम्हीच नसलात तर कुणाला लिहू?"

तिचे बरोबर होते. पण भीती गेली नाही. इंग्रजाचे संगीत मला बरेचसे पाठ आहे, डोळे मिटले की आत वाजते. बायकोचा आवाज तसा वाजवून पाहिला, तर वाजेना. शब्द येत, आवाज येईना. इतकी वर्षे एका घरात राहून तो मी कधी पाठ केलाच नव्हता.

नऊ. शेजारचा शिंपी. हा गृहस्थ मी तबकडी लावली की दारातून डोकावून विचारतो, "कोण गेलं म्हणायचं आज?" गिऱ्हाइकांसमोर विचारतो. पुष्कळदा मला त्याचे मशीन उचलून रस्त्यात ठेवावेसे वाटले आहे. गाठीचे कळले त्या दिवशी तो आला, दारात उभा राहिला, आणि माझ्या सदऱ्याचे लोंबणारे बटण तिथल्या तिथे शिवून गेला. वकील सांगतात, ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. म्हणून शिंप्याला मी फक्त क्षमा ठेवतो. ती मालमत्तेत धरत नाहीत, असे विचारून घेतले आहे.

दहा. काल दुपारी दुकान बंद ठेवून मी यंत्र घरी लावले. बायकोला म्हटले, आज बस माझ्याजवळ. ती हात पुसत येऊन बसली. सूर धरला गेला, व्हायोलिन उशिरा आले, त्याला जागा मिळाली. मग थांबा आला. शिट्टी होतीच, आता ती चांगलीच मोठी झाली आहे. बायको मांडीवर हात ठेवून बसली होती. शेवटचे म्हणून तिने तोंड घट्ट मिटून घेतले होते. मला ते सहन होईना.

"बोल की."

"काय बोलू?"

"नेहमीचं."

तिने माझ्याकडे पाहिले. "झालं का... झालं का तुमच्या इंग्रजाचं?" मग तिचा आवाज फुटला. "तो वरचा..." तेवढ्यात सूर परत आला आणि डबा तिथेच राहिला. मी तिच्या तोंडाकडे बघत होतो. आवाज या वेळी नीट पाठ केला, चिरल्या जागेसकट.

संपल्यावर मी ते विचारले, जे विचारायचे टाळत होतो.

"त्या दिवशी दूध उतू गेलं, त्याच्या आधी काय म्हणाली होतीस?"

"कधी?"

"पाठ करून उभी होतीस. मी हो म्हणालो."

"अहो, दार लोटून घ्या म्हणाले. तुम्ही दार सताड टाकून आलात, आणि वर हो, हो!"

"एवढंच?"

"मग काय असायचं?"

मी हसायला लागलो. ती आधी रागावली, मग मी का हसतो ते तिच्या लक्षात आले. कापसाचे तिला तेव्हाच कळले होते. वातीचा कापूस रोज तीच काढून ठेवते, कमी झालेला तिला कळतोच. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड माझ्याकडे करून, आणि काहीच न बोलता तळहात हवेत हळूच पुढे ढकलला. अगदी शेवटी थांबवला. मिटला नाही.

"काय म्हणाले?"

"दार लोटून घ्या."

"आलं की ऐकू," ती म्हणाली. "आणि डब्याला असं," म्हणून तिने वर बोट केले.

अकरा, आणि शेवटचे. मी गेलो, तर वरील सर्व जसेच्या तसे अमलात यावे. वाचलो, तर घर, पैसा आणि हत्यारे माझीच राहतील. फक्त कानाजवळचे आजपासूनच वाटले गेले असे समजावे: संगीत मुलीकडे, शांतता देवाकडे, आणि आवाज ज्याचा त्याच्याकडे परत. बायकोने माझ्याशी तोंड करून बोलावे आणि विसरून पाठ केली तर मी रागावणार नाही.

काल तिच्यासमोरच संमतीपत्रावर सही केली. आज सकाळी इस्पितळात जाऊन ते खिडकीतल्या बाईंच्या हातात दिले. त्यांनी काहीतरी विचारले, मला पहिल्यांदा ऐकू आले नाही, दुसऱ्यांदा आले. "नक्की ना?" असे त्या विचारत होत्या. मी हो म्हणालो, या वेळी ऐकून. खिसा रिकामा झाला आहे. घरी आलो आणि दार लोटून घेतले.

हे सर्व मी वाचून पाहिले, ते माझेच म्हणणे आहे. खाली दोघांच्या देखत सही केली आणि त्यांनी माझ्या देखत.

सही: लिहून ठेवणारा

साक्षीदार पहिला: शेजारचा शिंपी (कागद पुरा वाचला. नववे कलम मान्य नाही, पण सही करतो.)

साक्षीदार दुसरा: कानाचे डॉक्टर (लिहून ठेवणाऱ्याची बुद्धी ठिकाणावर असल्याची खात्री केली.)

ठिकाण: राहते घर, पुढची खोली

दिनांक: संमतीपत्र दिले तोच दिवस, दुपार